तऱ्हाळ्याची नाणी आणि अल्प पैशांतला संग्रह

नाणेसंग्रह हा राजेरजवाड्यांचा किंवा निदान सुखवस्तू मंडळींचा छंद आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अगदीच निराधार नाही. गुप्तांचे सोन्याचे दीनार, यादवांचा पद्मटंक किंवा शिवछत्रपतींचा होन तळहातावर घेण्याचे भाग्य पगारदार माणसाला क्वचितच लाभते. आणि ज्यांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावरील अध्यापनात गेली, त्यांना तर अशी नाणी संग्रहालयाच्या काचेआडूनच पाहावी लागतात. आम्ही दोघेही त्याच वर्गातले. एक अमरावतीत शिकवतो, दुसरा अकोल्यात. विषय दोघांचाही मराठी. एम.ए.ला असताना लागलेला हा नाद आम्ही गेली वीसेक वर्षे दरमहा दोघांचे मिळून दोनशे-तीनशे रुपये बाजूला काढून जपला. एवढ्या काळात जे जमले ते बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत मावते. त्याची बाजारभावाने किंमत करू गेल्यास एखादी जुनी सायकल मिळेल, फार तर दोन.

तरीही या संग्रहाविषयी लिहावेसे वाटते, याचे कारण वेगळे आहे. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण वऱ्हाडच्या प्राचीन इतिहासाला ज्या नाण्यांनी नवी माहिती पुरवली, ती नाणी सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. ती हलक्या मिश्रधातूची, काळवंडलेली, बाजारात कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशी होती. त्यांच्यापर्यंत आम्ही फार वळणे घेऊन पोहोचलो आणि पोहोचण्यापूर्वी एक चूकही करून बसलो. प्रस्तुत लेख त्या वळणांचा आणि त्या चुकीचा आहे.

देव्हाऱ्यातील डबी

आमच्या संग्रहातील पहिली नाणी विकत घेतलेली नाहीत. ती घरातच होती. वऱ्हाडातील जुन्या घरांत देव्हाऱ्याच्या खणात एखादी पितळी डबी असते आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिच्यातली नाणी धुऊन, हळदकुंकू वाहून पाटावर मांडली जातात. एक-दोन राणीछाप रुपये, मधोमध भोक असलेला पैसा, तांब्याचा ढब्बू, कमळाचे चित्र असलेले पिवळे वीस पैसे. भोकाचा पैसा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, १९४३ पासून पाडलेला. कमळाचे वीस पैसे १९६८ मध्ये आलेले. पूजेच्या पाटावर मात्र दोघांचे वय सारखेच. आजीला आम्ही विचारले, की हे नाणे घरात कोठून आले? तिने उत्तर दिले ते एका म्हशीच्या विक्रीचे. ही गोष्ट लिहून ठेवली पाहिजे हे तेव्हा कळले नाही. आजी गेली, नाणे आहे, म्हैस कोणत्या बाजारात विकली गेली ते आता कुणालाच ठाऊक नाही.

साहित्याच्या अध्यापकाला या डबीचा एक तातडीचा उपयोग असतो. जुन्या कथा-कादंबऱ्यांतील पै, आणा, चवली, पावली, अधेली हे शब्द आजच्या विद्यार्थ्याला केवळ ध्वनी वाटतात. एक रुपया म्हणजे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै, हे फळ्यावर लिहून मुलांच्या ध्यानात राहत नाही. पण ढब्बू पैसा हातात दिला, त्याचे वजन त्यांनी पेलून पाहिले, की एखाद्या पात्राने चार आण्यांसाठी केलेली यातायात त्यांना उमगू लागते. चलन बाद होते, शब्द होत नाहीत. ‘सोळा आणे खरे’, ‘पै-पैचा हिशेब’, ‘कवडीमोल’, ‘खणखणीत नाणे’ हे आपण आजही बोलतो. एखाद्या कलावंताला ‘नाणावलेला’ म्हणताना त्या शब्दात नाणे आहे याची जाणीवही आपल्याला नसते. ‘दाम’ या शब्दाचा प्रवास तर थेट ग्रीकांच्या द्राख्मेपासून संस्कृत-प्राकृतातील ‘द्रम्मा’पर्यंत आणि तेथून मराठीपर्यंत झाला आहे. दमडीही त्याच कुळातली.

भंगारातील घोषणा

घरची डबी संपल्यावर आम्ही वळलो ते भंगाराच्या दुकानांकडे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान चलन सुरू झाले. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नव्या पैशाच्या नाण्यावर ‘नया पैसा’ या शब्दांसोबत ‘रुपये का सौवाँ भाग’ असा खुलासाही छापलेला होता. नाण्यावरच गणिताचा धडा देणारे हे चलन १९६४ पर्यंत ‘नवे’ राहिले. मग ‘नया’ हा शब्द गळाला. पुढे अ‍ॅल्युमिनिअमचे एक, दोन, तीन, पाच, दहा, वीस पैसे आले. पंचवीस पैसे आणि त्याहून कमी मूल्याची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, तेव्हा ती घराघरांतून डब्यांनी बाहेर पडली. अकोल्यातल्या एका भंगारवाल्याकडून आम्ही ती मूठमूठ घेतली. त्याला धातूच्या वजनाचे पैसे हवे होते, आम्हाला वर्षे हवी होती.

या मुठींतून एक छोटा उपसंग्रह आपोआप तयार झाला. १९७० नंतर काही वर्षे आपल्या नाण्यांवर घोषणा येत होत्या. १९७३ च्या पन्नास पैशांवर अधिक अन्न पिकवण्याचे आवाहन आहे. १९७४ च्या दहा पैशांवर नियोजित कुटुंबाचे चित्र आणि सर्वांसाठी अन्नाची ग्वाही आहे. १९७५ च्या नाण्यांवर समता, विकास आणि शांती आहे. ही नाणी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोहिमेशी निगडित आणि देशभरासाठी होती. पण ज्या महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ नुकताच सोसला होता, ज्याने रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडली होती, त्या महाराष्ट्रातील मजुराच्या हातात ‘अधिक अन्न पिकवा’ सांगणारे नाणे पडले असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल? दुष्काळावरील कथा शिकवताना आम्ही हे नाणे वर्गात फिरवतो. मुले त्यावर बोलतात. एका नाण्याची किंमत आम्हाला दोन रुपयेही पडलेली नाही.

याच नाण्यांवर वर्षाच्या खाली एखादे बारीक चिन्ह असते. मुंबईच्या टांकसाळीचे चौकटीच्या आकाराचे, हैदराबादचे ताऱ्याचे, नोएडाचे ठिपक्याचे. कोलकात्याचे नाणे बिनचिन्हाचे. अल्प पैशांत संग्रह करणाऱ्याने येथून आरंभ करावा, असे आम्ही नवख्यांना सांगतो. भिंग घेऊन चार संध्याकाळी बसले, की डोळ्याला बारकावा दिसू लागतो. पुढे जुन्या नाण्यांवरील पुसट अक्षरे शोधताना हीच सवय कामी येते.

१८६२ चा रुपया

अमरावतीच्या सराफ्यात मोडीच्या ताटलीत आम्हाला राणीछाप रुपया मिळाला. त्याच्या माथ्यावर नाके डाखलेले होते; कुणा बाईच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळेतून तो सुटून आला होता. संग्राहक असे नाणे नापसंत करतात, त्यामुळे ते निव्वळ चांदीच्या भावाने मिळाले. त्यावर वर्ष होते १८६२.

पुढे लक्षात आले, की मोडीत येणाऱ्या जुन्या राणीछाप रुपयांपैकी पुष्कळांवर हेच वर्ष असते. याचे कारण चमत्कारिक आहे. १८६२ मध्ये राणीच्या नावाचा हा रुपया निघाला आणि त्यानंतर १८७४ पर्यंत टांकसाळींनी वर्ष न बदलता तेच साल छापणे चालू ठेवले. म्हणजे नाण्यावरील तारीखही प्रत्येक वेळी खरी मानता येत नाही. शिलालेख आणि पोथ्यांच्या बाबतीत आपण हे जाणतो. नाण्याच्या बाबतीत मात्र डोळे झाकून विश्वास ठेवतो.

वऱ्हाडच्या दृष्टीने ही बारा वर्षे साधी नाहीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. दरम्यान आगगाडी वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. शेतकऱ्यांनी चांदीचे फाळ केले, गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा दंतकथा आजही सांगितल्या जातात. त्या दंतकथांतील चांदी प्रत्यक्षात आली ती अशा रुपयांच्या रूपाने. एका रुपयात तोळाभर वजन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. तेजीत आलेला आणि मंदीत आलेला, दोन्ही रुपयांवर साल एकच. आमच्या रुपयाला नाके कोणत्या वर्षी लागले? कापसाच्या तेजीत कुणी हौसेने गळ्यात घातला, की पुढच्या एखाद्या दुष्काळाच्या धाकाने अंगावर बाळगला? हे नाणे सांगत नाही. पण नाके नसते तर हा प्रश्नच पडला नसता. म्हणून बाजार ज्याला खोट म्हणतो, तिला आम्ही नोंद म्हणतो.

चांदीचा भाव चढत गेला तशी ही वाट आमच्यासाठी बंद झाली. तिचा अधिक वाईट परिणाम असा, की मोडीत आलेली नाणी आता थेट मुशीत जातात. प्रत्येक तेजीत गावोगावच्या रुपयांच्या माळा वितळतात; आणि त्या कुठल्या घरच्या होत्या याची माहितीही त्यांच्यासोबत जाते.

वऱ्हाडच्या चलनात आणखी एक विसंगती आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने दिले गेले. कागदावर मालकी निजामाची, खिशात नाणे राणीचे. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली; वऱ्हाडच्या बाजारात मात्र चलन इंग्रजांचेच राहिले. निजामाचा हाली सिक्का हैदराबाद राज्याचा. तरी हिंगोली-परभणीकडील सोयरिकींमुळे चारमिनारचे चित्र असलेली चांदीची इवली नाणी वाशीमच्या बाजूच्या घरांत सापडतात. त्यावरील चारमिनारच्या कमानीत एक अक्षर दिसते. मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर ते ‘ऐन’ आहे, उस्मान या नावाचे आद्याक्षर. आमच्याकडे असे एकच नाणे आहे, दोन आण्यांचे. मोगल काळात वऱ्हाडातच, एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपुरात टांकसाळ होती. तिचे नाव वाचता येईल असे नाणे आमच्या डब्यांत अजून आलेले नाही. त्याची आम्ही वाट पाहतो आहोत.

बहिरमच्या यात्रेतील ‘रामदरबार’

सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूरबाजार तालुक्यात, हिवाळ्यात बहिरमची यात्रा भरते. रोडगे आणि हंडीची भाजी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या यात्रेत जुन्या वस्तूंची पथारी मांडून कुणी ना कुणी बसलेला असतो. संग्रहाच्या पहिल्याच वर्षी तेथे आम्हाला तांब्याचे एक जाडजूड नाणे दाखवण्यात आले. एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे वर्ष, दुसऱ्या बाजूस राम, सीता, लक्ष्मण, हनुमान. भाव दीडशे रुपये. महिन्याची जवळजवळ सर्व पुंजी आम्ही तेथे ओतली.

कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. तो देवस्थानांभोवती विकला जाणारा शोभेचा टाक. कधी त्यावर १६१६ असते, कधी १७१७, कधी १८१८. थोडा विचार केला असता तर ते आम्हाला तेव्हाही कळले असते. एखाद्या पोथीत तिच्या काळात नसलेला शब्द आला, की आपण ती प्रत संशयास्पद ठरवतो. मग नाण्याला ती कसोटी का लावू नये? कंपनीचा खरा, १८३५ सालचा पाव आणा त्याच पथारीवर वीस रुपयांना पडून होता. तो आम्ही पुढच्या वर्षी घेतला. ते बनावट नाणे आम्ही फेकून दिलेले नाही. ते पहिल्या डब्यात, पहिल्या पाकिटात आहे. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिरातींनी आज फोनवरून लोकांना गंडवले जाते. त्याबाबत २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाही जाहीर सूचना काढून सावध करावे लागले. त्या जाहिराती पाहून कुणी विद्यार्थी आमच्याकडे आला, की आम्ही त्याला प्रथम हे पाकीट उघडून दाखवतो.

बारा आणि अठ्ठावीस

आता त्या चुकीकडे येतो. आमचा संग्रह चार-पाच वर्षांचा झाला होता. अकोल्याकडील एका आठवडी बाजारात, लोखंडी सामानाच्या पथारीवर, एका प्लॅस्टिकच्या डबीत लहान, काळपट, ओबडधोबड चकत्यांचा ढीग दिसला. मोजल्या तेव्हा चाळीस भरल्या. काहींवर हत्ती ओळखू येत होता. सोंड वर केलेला. काहींच्या मागच्या बाजूस एकमेकांना क्रुसाने जोडलेली चार वर्तुळे होती. विकणारा म्हणाला, “शेतात निंघाले जी, वखर चालवतानी. वीस रुपयाले एक.” कोणत्या शेतात, हे त्याला ठाऊक नव्हते किंवा त्याला सांगायचे नव्हते. आम्हीही दुसऱ्यांदा विचारले नाही.

खिशात दोनशे चाळीस रुपये होते. आम्ही चांगल्यातली चांगली, हत्ती स्पष्ट असलेली बारा नाणी निवडली आणि अठ्ठावीस तशीच डबीत ठेवली. त्यांवर हत्ती पुसट होता. कडेला कुठे एक-दोन अक्षरांच्या रेघा होत्या, त्या आम्हाला वाचता येत नव्हत्या. पुढच्या आठवड्यात पैसे घेऊन गेलो, तेव्हा ती डबी नव्हती. कुणीतरी सगळी उचलली होती.

त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, इतिहासाच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या कृपेने, आम्हाला नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाचा १९४० चा अंक वाचायला मिळाला. त्यात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा तऱ्हाळ्याच्या निधीवरील लेख आहे. तऱ्हाळा हे मंगरूळपीर तालुक्यातील गाव. तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होते. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेले. १९३९ मध्ये तेथे सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा निधी सापडला. नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रणाची. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती आणि त्याच्या वर ब्राह्मी अक्षरे. दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह. आमच्या डबीतले तेच.

मिराशी मूळचे इतिहासाचे नव्हे, संस्कृतचे अध्यापक. कालिदास आणि भवभूती यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. साहित्याचा हा अध्यापक तऱ्हाळ्याच्या नाण्यांपुढे बसला, तेव्हा त्याच्यासमोर अडचण होती ती अशी : या नाण्यांचा ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे राजाचे संपूर्ण नाव एका नाण्यावर बहुधा उमटतच नाही. एकावर नावाचा आरंभ असतो, दुसऱ्यावर मधली अक्षरे, तिसऱ्यावर केवळ शेवट. एक नाणे हातात घेऊन काहीच सांगता येत नाही. शेकडो नाणी शेजारी शेजारी मांडली, एकाची तुटलेली अक्षरे दुसऱ्याच्या अक्षरांशी जुळवली, तरच नाव पूर्ण होते.

हे काम आपल्या परिचयाचे आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये सिद्ध केली. एका पोथीत गळलेले दुसरीत मिळते, दुसरीतील चूक तिसरीवरून कळते. मिराशींनी तऱ्हाळ्याच्या नाण्यांची अशीच पाठचिकित्सा केली. तिच्यातून गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही परिचित नावे तर मिळालीच. त्यांखेरीज कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी असे तीन राजे उजेडात आले, ज्यांची नावे पुराणांतील वंशावळींत नाहीत. पुराणकारांना जे माहीत नव्हते किंवा जे त्यांनी गाळले, ते वऱ्हाडातील एका खेड्याच्या मातीतील हलक्या चलनाने सांगितले. सातवाहन सत्तेच्या उत्तरकाळात विदर्भात काय घडत होते, या प्रश्नाचा विचार तेव्हापासून या निधीला वगळून करता येत नाही. मिराशींचा ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा १९७९ चा मराठी ग्रंथ उपलब्ध आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनीही तो अवश्य पाहावा.

या नाण्यांवरील मजकूर प्राकृतात आहे. राजाच्या नावाला शेवटी षष्ठीचा ‘स’ लागतो : ‘सातकणिस’, म्हणजे सातकर्णीचे नाणे. संस्कृतातील ‘स्य’ प्राकृतात ‘स्स’ झाला आणि त्यातूनच आपल्या ‘रामास’, ‘घरास’मधील ‘स’ आला, असे भाषाभ्यासक मानतात. आज मराठीच्या तासाला आपण ज्या प्रत्ययाची तक्त्यात नोंद करतो, त्याचा पूर्वज वखराला लागलेल्या चकतीच्या कडेवर बसलेला असतो.

लेख वाचून झाल्यावर आम्ही आमची बारा नाणी बाहेर काढली. सातांवर अक्षरांच्या खुणा आहेत. त्यातल्या एकावर ‘सात’ ही दोन अक्षरे आणि त्यांच्या आधीच्या अक्षराचा अर्धाच भाग आहे. तो अर्धा भाग कशाचा, हे आम्ही आजवर अनेकांना विचारले. सर्वांचे उत्तर एकच : याच्या जोडीची आणखी नाणी असतील तर दाखवा. जोडीची नाणी होती. ती आम्ही पुसट म्हणून डबीत ठेवून आलो होतो. हत्ती पाहून निवड केली आणि अक्षरे सोडली. आणि हे मराठीच्या दोन अध्यापकांनी केले.

निधी आणि नग

या प्रसंगाने नाणेसंग्रहाविषयीचे आमचे मत बदलले. अल्प पैशांतील संग्रह म्हणजे स्वस्त नग हुडकणे, असे आम्ही समजत होतो. पण नग आणि निधी यांत फरक आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हे प्रमाण कळले ते निधी एकत्र पाहिला गेला म्हणून. तोच हजार घरांत विखुरला असता, तर प्रत्येक घरात एकेक सुंदर नाणे राहिले असते आणि पराभवाचा व विजयाचा एवढा मोठा पुरावा नाहीसा झाला असता. वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडली नाहीत, असे मत दीर्घकाळ रूढ होते. पवनार आणि आसपासच्या परिसरात मिळालेल्या तांब्याच्या लहान नाण्यांमुळे अजय मित्र शास्त्री आदी अभ्यासकांनी त्याचा फेरविचार केला. तेथेही प्रश्न नाण्याच्या किमतीचा नव्हता. ते कोठे मिळाले, याचा होता.

कायदाही हेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हते, ही सबब खरी असली तरी अपुरी आहे. माहीत करून घेण्याची इच्छा नव्हती, हे अधिक खरे आहे. बारा नाणी घेऊन आम्ही त्या निधीच्या विखुरण्यात आमचा वाटा उचलला. वीस रुपयांना एक, ही किंमत आम्हाला परवडली. इतिहासाला परवडली नाही.

एक आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. आम्ही ती बारा घेतली नसती, तर तीही त्या अज्ञात गिऱ्हाइकाकडे गेली असती किंवा मुशीत गेली असती. मग घेतली यात बिघडले काय? यावर आमचे उत्तर एवढेच, की तेव्हा खिशात पैसे नव्हते, पण वही-पेन होते. चाळीसही नाण्यांच्या दोन्ही बाजूंवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसे घेता आले असते. विकणाऱ्याने दिले असते तर गावाचे नाव टिपता आले असते. दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात जाऊन सांगता आले असते. यांपैकी कशालाच पैसे पडत नव्हते.

तेव्हापासून जमिनीतून निघालेले नाणे विकत घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. चलनातून, देव्हाऱ्यातून, मोडीतून आलेलेच घ्यायचे. चिंच-मीठ किंवा भांडी घासण्याची पूड कोणत्याही नाण्याला लावायची नाही. काळेपणा हा त्याच्या वयाचा भाग आहे. प्रत्येक नाण्याला कागदी पाकीट, आणि पाकिटावरील क्रमांकाची नोंद वहीत : कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कुणाच्या घरातून वा कशा प्रकारच्या दुकानातून, किती पैशांना, आणि देणाऱ्याने त्याविषयी काय सांगितले. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा पाचशे रुपयांत मिळाला. वजन टिपण्यास तो पुरेसा. आमच्या संग्रहातील सर्वांत महाग वस्तू तोच, आणि सर्वांत मोलाची ती वही. ती बारा नाणी एका मोठ्या पाकिटात एकत्रच ठेवली आहेत. वहीत त्यांना बारा क्रमांक दिलेले नाहीत, एकच दिला आहे. आणि पुढे लिहिले आहे : ‘चाळिसांपैकी बारा. अठ्ठावीस सोडली.’ ती योग्य संस्थेकडे रीतसर सोपवण्यासाठी आम्ही अर्ज तयार केला आहे. हा लेख लिहून होईपर्यंत तो पाठवलेला असावा, असे आम्ही एकमेकांना बजावले आहे.

गेल्या हिवाळ्यात बी.ए.च्या वर्गातील एक मुलगा रुमालात काही बांधून घेऊन आला. त्याच्या आजोबांच्या पेटीत नाणी सापडली होती. “सर, याचे किती येतील?” हा त्याचा पहिला प्रश्न. रुमाल सोडण्याआधी आम्ही वही उघडली आणि आजोबांचे नाव, गाव, पेटी कोणत्या खोलीत होती, आजोबा काय करत, हे विचारत गेलो. तो आधी गोंधळला, मग सांगू लागला; अर्धा तास सांगत राहिला. आजोबा जिनिंगमध्ये हमाल होते, हे आपल्या वर्गमित्रांना त्याने कधी सांगितले नव्हते. रुमालात निघाले ते १९५७ चे तीन नवे पैसे, एक भोकाचा पैसा आणि यात्रेतला एक ‘रामदरबार’. बाजारात त्या सगळ्याचे शंभर रुपये आले नसते. आम्ही काहीच विकत घेतले नाही. वहीतील दोन पाने भरली होती. त्यांची नक्कल करून आम्ही ती त्याला दिली, आणि नाणी पुन्हा रुमालात बांधून, जशी होती तशी एकत्र, त्याच्याच हाती ठेवली.